गेममधली माणसं हल्ली पाठ केल्यासारखी का बोलतात?

या वेळी पत्रांमध्ये एकच विषय पुन्हा पुन्हा आला, गेम्समधल्या गोष्टी आणि संवाद. म्हणून अख्खं सदर त्यालाच दिलंय. पत्रं थोडी छाटलीयत, भाषा मात्र तुमचीच आहे.

प्रश्न : दादा, मी ऐरोलीला आयटीत आहे, चाळिशी जवळ आलीय. शाळा-कॉलेजात असताना ठाणे स्टेशनजवळ सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून मॅक्स पेन खेळायचो, इंग्लिश अर्धं कळायचं पण तो माणूस बोलायला लागला की काटा यायचा. आता घरी मोठा टीव्ही आहे, कन्सोल आहे, चार-पाच हजारांचा गेम घेतो आणि दुसऱ्या तासाला कटसीन, म्हणजे मधे येणारे सिनेमासारखे प्रसंग, स्किप करायला लागतो. हिरो समोर जे दिसतंय तेच बोलून दाखवतो, दर दोन मिनिटांनी विनोद मारतो, आणि कोणाला वाईट वाटलं तर तो सरळ सांगतो की मला वाईट वाटलंय. माझं वय झालं की खरंच लिखाण घसरलंय?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : वयाचा भाग आहे, तो आधी सांगून टाकतो. आपल्या लक्षात राहिलेत ते निवडक गेम्स. १९९८चा ग्रिम फँडँगो, १९९९चा प्लेनस्केप टॉरमेंट, २००१चा तुमचा मॅक्स पेन. त्याच काळात असे ढीगभर गेम्स आले ज्यांचे संवाद ऐकवत नव्हते. १९९६चा पहिला रेसिडेंट ईव्हिल गेम म्हणून जबरदस्त, पण त्यातलं इंग्लिश बोलणं लोक आजही हसायसाठी लावतात. त्यामुळे पूर्वी सगळं छान होतं असं मी म्हणणार नाही.

पण मोठ्या बजेटच्या गेम्सबद्दल तुम्ही जे म्हणताय ते खरं आहे आणि मलाही ते लागतं. फक्त लिहिणारे बिघडलेत असं मला वाटत नाही. मॅक्स पेन ज्याने लिहिला तो सॅम लेक, गेममध्ये चेहराही त्याचाच होता, तो आजही त्याच रेमेडी स्टुडिओत लिहितोय आणि २०२३ला त्यांच्या अ‍ॅलन वेक २ला द गेम अवॉर्ड्समध्ये बेस्ट नॅरेटिव्ह मिळालं. बदललीय ती लिहिणाऱ्याची जागा. गेम बनताना तो कधी आत येतो, त्याच्या हातात किती असतं, आणि वाक्य लिहून झाल्यावर त्या वाक्याचं पुढे काय होतं, सगळं तिथे अडकलंय.

आवाजाचंच घ्या ना. २००२च्या मॉरोविंडमध्ये लोकांचं बहुतेक बोलणं आपण स्क्रीनवर वाचायचो. चार वर्षांनी त्याच सिरीजचा ऑब्लिव्हियन आला, त्यात प्रत्येक माणूस तोंडाने बोलायला लागला. खेळणाऱ्याला मजा आली, साहजिक आहे, पण लिहिलेलं वाक्य शेवटच्या आठवड्यातही फुकटात बदलता यायचं ते आता नट, स्टुडिओचं बुकिंग, ओठांची हालचाल, दहा भाषांतली भाषांतरं अशा सगळ्याला बांधलं गेलं. मग वाक्यं कमी करायची, लहान करायची. २०१५च्या फॉलआउट ४मध्ये तर हिरोलाही आवाज दिला आणि बोलायचे पर्याय प्रत्येक वेळी चारच ठेवले, तेही दोन-तीन शब्दांत, म्हणजे आपण नक्की काय बोलणार हे बटण दाबल्यावरच कळायचं. शेवटी खेळणाऱ्यांनीच पूर्ण वाक्य दाखवणारा मॉड, म्हणजे गेममध्ये घालायचा घरगुती बदल, बनवला.

गडकरी रंगायतनला नाटक लागायच्या आधी तालमीत काय चालतं आठवा. नट एका वाक्यावर तिसऱ्यांदा अडखळला की लेखक तिथेच बसून ते वाक्य तोडतो, प्रवेश पुढेमागे झाला की संवादही हलतात, आणि प्रयोग सुरू झाल्यावरही काही ना काही बदलत राहतं. मोठ्या गेममध्ये याच्या उलट होतं. संवाद रेकॉर्ड होऊन बसलेत आणि तिकडे डिझायनरने पूर्ण लेव्हल उचलून दुसरीकडे टाकली, किंवा एक कॅरेक्टरच काढून टाकलं. आता नटाला परत बोलवायला पैसे नाहीत, वेळ नाही. असं दोन-तीनदा झालं की लिहिणारा शहाणा होतो आणि कुठेही बसतील अशी गोल गोल वाक्यं लिहायला लागतो, 'आपल्याला इथून निघायला हवं', 'हे मला बरोबर वाटत नाही', अशी. जागा बदलली तरी चालेल, बोलणारा बदलला तरी चालेल. तुम्हाला जे पाठ केल्यासारखं वाटतं ना, त्यातलं बरंचसं हेच आहे.

समोर दिसतंय तेच हिरो का बोलतो, याचं कारण वेगळं. गेम बाजारात यायच्या आधी बाहेरच्या लोकांना खेळायला बसवतात, आणि त्यातला कोणी एका कोड्यापाशी थोडा वेळ अडकला की मीटिंगमध्ये तो मुद्दा होतो. त्यावर सगळ्यात स्वस्त उपाय कुठला, तर सोबतच्या कॅरेक्टरच्या तोंडी इशारा टाकायचा. २०२२च्या गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉकमध्ये आपण कोडं नीट बघायच्या आत बरोबरचे लोक उत्तर सांगायला लागतात, यावर खूप बोललं गेलं. त्याच वर्षीच्या होरायझन फॉरबिडन वेस्टमध्ये एलॉय, म्हणजे हिरॉईन, उचललेली वस्तू साठ्यात गेली की तेही सांगायची आणि परत परत सांगायची, इतकं की स्टुडिओने नंतर अपडेट देऊन तिचं ते बोलणं कमी केलं. आता हे वाक्य कुठल्या लेखकाने हौसेने लिहिलं असेल असं वाटतं का? ती सूचना आहे, मॅन्युअलमधली, फक्त तोंड एलॉयचं वापरलंय. आणि असं दिवसभर ऐकल्यावर ती एखादी खरी, मनातली गोष्ट बोलायला लागते तेव्हा आपला कान बंद झालेला असतो.

तिसरं कारण पैशाचं. गोष्टीला शेवट लागतो आणि लाइव्ह सर्व्हिस, म्हणजे नवं काही ना काही टाकत वर्षानुवर्षं चालू ठेवलेल्या गेमला शेवट परवडत नाही. डेस्टिनी २ २०१७ला आला तेव्हा लोकांनी पैसे मोजून त्याची रेड वॉर ही मूळ कथा खेळली, आणि नोव्हेंबर २०२०ला ती कथा गेममधून काढून टाकली, कारण गेम फार मोठा होऊन सांभाळता येईना. विकत घेतलेल्या गोष्टीचा पहिला भागच गायब. जिथे लिहिलेलं असं उचलून बाजूला ठेवता येतं तिथे लिहिणाऱ्याने कुठल्या जोरावर जीव ओतायचा, सांगा.

मॅक्स पेन वेगळा का वाटला तर तिथे सिनेमासारखे कटसीन नव्हतेच फारसे, कॉमिकच्या चौकटी होत्या आणि त्यावर आवाज. बनवायला स्वस्त आणि शेवटपर्यंत हलवता येणाऱ्या. पैसा कमी होता म्हणून लेखकाच्या हातात जास्त राहिलं. तुम्ही अ‍ॅलन वेक २ घेऊन बघा, वयाचा प्रश्न किती आणि लिखाणाचा किती हे तुमचं तुम्हालाच कळेल.

प्रश्न : मला वाटतं खरं कारण तुम्ही लोक सांगत नाही. स्टुडिओंना आता सगळ्यांना खूश ठेवायचंय, समाजसुधारणा करायचीय, म्हणून संवाद मिळमिळीत झाले. ड्रॅगन एज द व्हेलगार्ड बघा. एवढी चांगली सिरीज, वाट लावली.
– एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर : ड्रॅगन एजचं दुःख मलाही आहे. २००९चा पहिला भाग मी मनापासून खेळलोय, त्यातले सोबती एकमेकांशी भांडायचे, टोमणे मारायचे, आणि तुमचा एखादा निर्णय पटला नाही तर सोडूनही जायचे. २०२४च्या व्हेलगार्डमध्ये सगळे एकमेकांना समजून घेत बसतात आणि आपल्या मनात काय चाललंय ते समुपदेशकासमोर बसल्यासारखं नीट क्रमाने सांगतात, तिथे गोष्ट ढिली पडते हे मान्य.

पण विषयाला दोष देऊ नका. लिंग, जात, धर्म, परकेपणा यावर चांगलं लिहिता येतं आणि वाईटही. पहिल्या ड्रॅगन एजमध्येही एल्फ लोकांना शहरात वेगळ्या वस्तीत कोंडलेलं होतं, तो भाग अजून आठवतो, आणि तिथे कोणी भाषण देत नव्हतं. व्हेलगार्डचं काय झालं ते बघा. हा गेम मध्ये काही वर्षं मल्टिप्लेअर, लाइव्ह सर्व्हिस म्हणून बनत होता, नंतर कंपनीने विचार बदलला आणि तो पुन्हा एकट्याने खेळायचा, कथेचा गेम झाला. एकदा एक गेम म्हणून रचलेलं दुसऱ्याच गेममध्ये बसवायचं. त्यात गेम अजून बाहेरही आला नव्हता आणि ऑगस्ट २०२३ला बायोवेअरने, म्हणजे तो बनवणाऱ्या स्टुडिओने, साधारण ५० लोकांना काढलं, त्यात ही कॅरेक्टर्स वर्षानुवर्षं लिहिलेले जुने लेखक होते. ज्यांना प्रत्येक माणसाचा आवाज तोंडपाठ होता तेच घरी. मला राग येतो तो याचा. पडद्यावर कोण कसं दिसतं यावर लोक महिनोन्‌महिने भांडतात आणि लेखकाला काढल्याची बातमी एका दिवसात विरते.

प्रश्न : कटसीन स्किप केला तर लेखकाचा अपमान होतो का? मित्र म्हणतो होतो.
– एक वाचक, खारघर

उत्तर : नाही होत. दुसऱ्यांदा खेळताना तर बिनधास्त करा. पहिल्यांदा खेळताना मात्र सुरुवातीचा तासभर तरी ऐका, कारण बऱ्याच गेम्समध्ये पुढे काय निवडायचं याचा धागा तिथेच असतो. त्यानंतरही कंटाळा आला तर तो गेमचा प्रश्न आहे, तुमचा नाही.

प्रश्न : मी नेरूळला इंजिनिअरिंगला आहे. मला ही घसरण वगैरे पटतच नाही. डिस्को एलिझियम, बाल्डर्स गेट ३, क्लेअर ऑब्स्क्युअर, हे सगळं माझ्या वयात आलंय. तुमच्या पिढीला फक्त जुनं आठवतं.
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : तुझी यादी चांगलीय आणि मी त्यातल्या प्रत्येक नावाला हो म्हणेन. शिवाय माझ्याकडून पेंटिमेंट घाल. पण ही नावं नुसती मोजू नको, ती कशी बनली ते बघ, म्हणजे मी वर ऐरोलीच्या वाचकाला जे सांगितलं त्याचीच दुसरी बाजू दिसेल.

डिस्को एलिझियम २०१९ला आला, एस्टोनियातल्या मंडळींनी बनवलेला. त्यांनी ते जग आधी कागदावर, मित्रामित्रांत वर्षानुवर्षं रचलं होतं, गेम नंतर झाला. दहा लाखांच्या आसपास शब्द. आणि गंमत म्हणजे सुरुवातीला त्यात सगळ्या वाक्यांना आवाज नव्हताच, पूर्ण व्हॉइस अ‍ॅक्टिंग २०२१च्या फायनल कट या नव्या आवृत्तीत आलं. म्हणजे आधी लिखाण पक्कं झालं, लोकांनी वाचलं, मग नट आले. पेंटिमेंट २०२२चा, ऑब्सिडियन स्टुडिओच्या आत एका छोट्या टीमने केलेला, सोळाव्या शतकातल्या बव्हेरियातलं गाव आणि तिथे झालेला खून. त्यात आवाजच नाहीत. प्रत्येक माणसाचं बोलणं त्याच्या शिक्षणाप्रमाणे, धंद्याप्रमाणे वेगळ्या अक्षरात उमटतं, मठातल्या साधूचं वेगळं, शेतकऱ्याचं वेगळं, आणि एखाद्याबद्दल आपला समज बदलला की त्याचं अक्षरही बदलतं. ही कल्पना लेखक आणि चित्रकार पहिल्या दिवसापासून शेजारी बसल्याशिवाय येत नाही.

बाल्डर्स गेट ३मध्ये मात्र सगळं रेकॉर्ड केलेलं आहे, तरी ते जिवंत आहे, त्यामुळे आवाज आला की लिखाण मेलं असं नाही हे मी कबूल करतो. पण तो बनवणाऱ्या लारियन स्टुडिओने ऑक्टोबर २०२०ला पहिला भाग, गेम अपुरा असतानाच, अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये लोकांच्या हातात दिला आणि पूर्ण गेम आला ऑगस्ट २०२३ला. जवळजवळ तीन वर्षं लोकांना खेळू दिलं, कुठलं कॅरेक्टर नकोसं होतंय ते बघितलं आणि बदललं. तालमीला वेळ दिला. स्वतःची कंपनी, बाहेरचा मालक डोक्यावर नाही. हे किती जणांना परवडतं?

आणि डिस्कोचं पुढे काय झालं ते तुला माहीतच असेल, मुख्य लेखक रॉबर्ट कुर्विट्झ आणि त्याच्या बरोबरचे काही जण २०२१ला त्या स्टुडिओच्या बाहेर पडले, नंतर कोर्टकचेऱ्या. दशकातला सगळ्यात चांगला लिहिलेला गेम, आणि लिहिणारेच त्या जगाच्या बाहेर. त्यामुळे चांगले गेम्स येतायत यात मला आनंदच आहे, पण त्यांच्यावर बोट ठेवून सगळं आलबेल आहे असं म्हणता येत नाही.

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. पुस्तक हातात धरत नाही, दिवसभर गेम. आम्ही पाचपाखाडीला राहतो, वाचनालय जवळ आहे तरी जात नाही. मला गेम्समधलं काही कळत नाही. असा एखादा गेम आहे का ज्यात निदान वाचावं लागेल, विचार करावा लागेल?
– एक आई, ठाणे

उत्तर : ताई, आहेत. आधी एक सांगतो, वर ज्यांची नावं आलीयत त्यातले बरेचसे मोठ्यांसाठीचे आहेत, डिस्को एलिझियम, बाल्डर्स गेट, अ‍ॅलन वेक हे आत्ता नकोत. डब्यावर किंवा स्टोअरमध्ये वयाचा आकडा लिहिलेला असतो, १८ असेल तर तो खरंच १८ आहे, तेवढं बघत जा.

सुरुवात वेंबाने करा. २०२३चा छोटासा गेम आहे, कॅनडात जाऊन राहिलेलं तमिळ कुटुंब, आई, वडील आणि मोठा होत जाणारा मुलगा. आईच्या आईची पाककृतींची वही फाटलीय, पुसट झालीय, त्यावरून पदार्थ कसा करायचा हे आपण ताडायचं, पहिलीच इडली. दोन-एक तासांत संपतो. संवाद सगळे वाचायचे आहेत, इंग्लिश सोपं आहे. आणि मुलगा घरची भाषा बोलायला लाजतो, आईचा डबा शाळेत नको म्हणतो, ते इतकं साध्या शब्दांत लिहिलंय की माझ्या घशाशी आलं. तुम्ही त्याच्या शेजारी बसून खेळा, रविवारी दुपारी. एकट्याला देऊ नका.

त्याला मारामारी हवीच असेल तर राजी, अ‍ॅन एन्शन्ट एपिक. हा पुण्यातल्या नॉडिंग हेड्सने बनवलेला, २०२०चा. भावाला शोधायला निघालेली मुलगी, आपली देवळं, आपल्या पुराणातले राक्षस. खरं सांगायचं तर त्याचं लिखाण वेंबाएवढं पक्कं नाही, चित्रं फार सुंदर आहेत. पण वाईट गेमपेक्षा कितीतरी चांगला, आणि खेळून झाल्यावर दुर्गेची, विष्णूची गोष्ट त्याने विचारली तर सांगायला घरात आजी-आजोबा असतील ना.

वाचनालयाचं म्हणाल तर जबरदस्ती नको. त्याला विचारा की वेंबात पुढे त्या मुलाचं काय झालं असेल, आणि उत्तर दोन ओळींत लिहून दाखव म्हणा.

प्रश्न : मी वाशीला राहते, एकांकिका लिहिते, दोन-तीन स्पर्धांत भाव्यांच्या नाट्यगृहात आमचे प्रयोग झालेत. मला गेमसाठी लिहायचंय. सगळे म्हणतात आता एआय लिहिणार, तू कशाला. आणि सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.
– एक लेखिका, वाशी

उत्तर : एआयची भीती अगदीच उगाच नाही. मार्च २०२३ला युबिसॉफ्टने घोस्टरायटर नावाचं एक टूल जाहीर केलं, ते बार्क्सचे पहिले मसुदे लिहून देतं. बार्क्स म्हणजे येताजाता कानावर पडणारी वाक्यं, पहारेकरी ओरडतो, बाजारातली बाई भाव सांगते, ती. कंपनीचं म्हणणं की लेखकांचं कंटाळवाणं काम वाचेल. मला हे पटत नाही. नवीन लेखकाला स्टुडिओत आधी असलीच कामं मिळतात आणि हात तिथेच बसतो. एकाच गोष्टीची ३० वाक्यं लिहायची, प्रत्येक वेगळं, प्रत्येक त्याच माणसाचं वाटलं पाहिजे, हे काम कंटाळवाणं ज्याला वाटतं त्याने ते कधी नीट केलेलं नाही. ती पायरीच काढली तर वरचे लेखक कुठून येणार?

त्यामुळे तू लिही, आणि आत्ताच लिही, कोणी नोकरी द्यायची वाट बघू नको. ट्वाइन नावाचं टूल आहे, २००९पासून फुकट मिळतं, ब्राउझरमध्ये चालतं, कोडिंग येत नसलं तरी चालतं आणि देवनागरी व्यवस्थित दिसते. त्यात तुझीच एखादी एकांकिका घे आणि प्रेक्षकाला दोन ठिकाणी निवडायला दे. लगेच कळेल की नाटकात जो प्रवेश एकदाच घडतो तो इथे तीन प्रकारे घडू शकतो आणि तिन्ही खरे वाटले पाहिजेत. ते जमलं की इंक बघ, इंकल या ब्रिटिश स्टुडिओने केलेली स्क्रिप्टची भाषा, तीही फुकट. त्यांचा ८० डेज नावाचा २०१४चा गेम जवळजवळ सगळा मजकूरच आहे, वाचायलाच घे.

मग हेडीस खेळ, २०२०चा. त्यात हिरो सारखा मरतो आणि घरी परत येतो आणि घरातल्या माणसांना ठाऊक असतं की या वेळी तुला कोणी मारलं, मागच्या वेळी तू काय म्हणालास. २० हजारांवर वाक्यं आहेत, पण मला आवडतं ते हे की बोलणाऱ्याला तुझी आठवण आहे. २०२१ला त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला, विज्ञानकथा-अद्भुतकथांचा, गेमला तो पहिल्यांदाच मिळाला.

आणि या महिन्यात एवढं कर. वाशी स्टेशनबाहेरचा एक रिक्षावाला घे. खेळणारा त्याला तीनदा भेटतो, पहिल्यांदा सकाळी घाईत, दुसऱ्यांदा त्यानेच जवळचं भाडं नाकारल्यावर, तिसऱ्यांदा रात्री पावसात दुसरी एकही रिक्षा नसताना. तिन्ही वेळची त्याची पाच-पाच वाक्यं लिही. त्यात 'मला राग आलाय', 'मला वाईट वाटतंय' असलं काहीही येऊ द्यायचं नाही, आणि तिसऱ्या भेटीत दुसरी भेट त्याच्या लक्षात आहे हे कळलं पाहिजे. मग मोठ्याने वाचून बघ, एखाद्या नटाकडून वाचून घे, तो जिथे अडखळेल तिथे तोड. झालं की सदराच्या पत्त्यावर पाठव, मी वाचेन.